गोकुळाचा कोपरा

कोसमटोला, ता. मूल
३ ऑक्टोबर १९९९

गोकुळाबाई,

रीताचा नमस्कार. भाऊजीले नमस्कार सांगजा अन् पिंटूले पापा.

पानी गेला बाप्पा एकदाचा! चार दिवसापासून अशी कोवळी ऊन पडून राह्यली का घरात पाय ठरत नाई. काल मी सगळं अंगण सारवलं. सकायी तलावावर धुकं राह्यते, हलका धान निसवला, धानाच्या बांधीतून गेलं का लुगडं ओटीपर्यंत दवानं भिजते. बापूजी भिताडाले टेकून जाळं शिवत बसते अन् आमची डिंपल त्याइले सूत धरून देते. शाळेतून आली का दप्तर फेकते न तिथीच जाऊन बसते. आजा-नातीच्या काय गोष्टी चालते देव जाणे.

परवा शिंगाड्याचा पहिला तोडा झाला. मोठ्या गंजात उकडले. तुमचा भाऊ बांधीतून आला तो हातपाय न धुताच चुलीपाशी बसला. मी सरोत्यानं फोडत गेली, डिंपल सोलत गेली अन् हे बापलेक खात गेले. संग मीठ अन् हिरवी मिर्ची. सोललेला ठेवाले टोपलीत काही उरेच ना. बापूजी म्हणे, "रीता, औंदाचा दाणा दुधावानी आहे व." डिंपलनं त्याइच्या तोंडात न सोललेलाच कोंबला, काटा ओठाले लागला, तरी हासूनच राह्यले. लय दिवसानं घर असं हासलं.

एक सांगाचं राह्यलं. तुमच्या कोपऱ्यातली चिंधीची काठी बापूजीनं श्रावणातच उपटली. तिथी आता मी अन् डिंपल तोडतो. हा पहिला तोडा तिथलाच होता. गोड निंगाले.

दिवाळीले कवा येता ते लिहजा.

तुमची
रीता

---

माजरी कॉलरी
१० ऑक्टोबर १९९९

रीता,

पत्र भेटलं. तीनदा वाचलं. एकदा यायले, पिंटूच्या बापाले, वाचून दाखवलं तर म्हणे, "बरं आहे ना, सगळे मजेत आहेत." माणसाले काय समजते! तू शिंगाड्याच्या गोष्टी लिहल्या अन् इथी माह्या पोटात आग पडली. लपवून काय करू, पडली.

तुहं लगन व्हायच्या आधीची गोष्ट आहे म्हून नीट सांगतो. माहं लगन झालं त्याच वर्सी वेल लावताना बापूजीनं करंजीखालचा कोपरा वेगळा काढला. मायच्या फाटक्या लुगड्याची चिंधी काठीले बांधली, काठी पाण्यात रोवली अन् साऱ्या ढिवरपुऱ्यात सांगतलं, "हा गोकुळाचा. ते दिवाळीले येईन अन् आपल्या हातानं तोडन. तोवर इथी कोणी हात लावाचा नाई." दुसऱ्या कोणाच्या बापानं असं केलं का? आमच्या गावच्या किती पोरी लगन होऊन गेल्या, कोणाच्या नावाची काठी आहे तलावात? मी कॉलरीत सगळ्या बायांले सांगत होतो. त्या म्हणे, "तुही मजा आहे बैन, तुह्या नावाचं पाणी आहे माहेरी."

माय गेली तरी काठी होती. चौदा वर्सं होती. बाकी माहं काय राह्यलं त्या घरात? माह्या खोलीत तुमची खाट. माह्या फळीवर डिंपलची पुस्तकं. बापूजीच्या जाळ्याचं सूत मी धरत होतो, ते आता तुही पोट्टी धरते. मी कवा काही म्हटलं का? तेवढा एक कोपरा सोडाचा होता.

तुले वाटत असन, बाईचं बरं आहे, क्वार्टर आहे, नळ आहे, टीव्ही आहे. एकदा येऊन पाह्य. दोरीवर धुतलेला कपडा टाकला का दुपारपर्यंत राखेवानी. ब्लास्टिंग झालं का मांडणीवरचे ताटं वाजते. काल भद्रावतीच्या बाजारातून शिंगाडे आणले, काळे, चिंबलेले. पिंटू म्हणे, "माय, हे आजोबाच्या घरच्यासारखे नाई." मी उठून अंदर गेली. पोरासमोर काय रडाचं.

खरं सांग. काठी बापूजीनं आपल्या मनानं उपटली का कोणी उपटाले लावली?

गोकुळा

---

कोसमटोला
१८ ऑक्टोबर १९९९

गोकुळाबाई,

नमस्कार. तुमी खरं सांग म्हटलं, तर आयका.

कोपरा मी मागतला. हो, मीच. आषाढात वेल लावाच्या टायमाले बापूजीले म्हटलं, "बापूजी, मले तो करंजीखालचा कोपरा द्या." ते बिडी ओढत बसले. मंग श्रावणात एक दिवस काठी उपटून आणली. मी जबरदस्ती केली नाई, रडली नाई, फक्त मागतलं.

काऊन मागतला तेही आयका. आठ वर्सं झाले मले या घरात. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून मी तोडतो, पानाखालच्या कुसळीनं हाताले खाज सुटते, काटे भरते, रातभर बोटं ठणकते. सगळा तलाव माह्या हाताखालून जाते, पण त्या काठीपाशी आली का मले वळावं लागे. काऊन का तो गोकुळाचा! तुमी दिवाळीले मोटारीतून उतरता, पदर खोचता, दोन टोपले तोडता, अन् बापूजी तलावाच्या पाळीवर बसून अशे पाह्यते का जशी लक्ष्मीच पाण्यात उतरली. मी बाजूलेच असतो. माह्याकडं कवा असं पाह्यलं नाई.

भाजी रांधली का, "गोकुळा यात आंबट घालत होती." जाळं धुतलं का, "गोकुळा उन्हात टाकत नव्हती." तुमी माजरीले गेल्या नाई बाई, तुमी इथीच आहा. चुलीपाशीही तुमीच, घाटावरही तुमीच. मी कुठी बसू?

तुमाले एक तरी माहेर आहे. चिमूरले माहे दोन भाऊ आहेत. माय-बाप गेल्यापासून भाऊबीजेले एकानं बलावलं नाई. रस्त्यात भेटला तर म्हणते, "बरी आहेस ना?" अन् सायकल हाणते. मले कोणी काठी नाई, साधी चिंधी ठेवली नाई. तुमच्या पोटात आता आग पडली, माह्या पोटात आठ वर्सापासून आहे.

डिंपलनं त्या कोपऱ्यात पह्यला शिंगाडा तोडला तवा म्हणे, "माय, हा आपला?" मी म्हटलं, "हो, आपला." मले तेवढंच पायजे होतं.

यायचं असन तर या. घर तुमचं आहेच, तुमाले कोण नाई म्हणते.

रीता

---

माजरी कॉलरी
२७ ऑक्टोबर १९९९

रीता,

पत्र वाचलं. तोंडावर सांगतलं ते बरं केलं.

मी दिवाळीले येत नाई. पिंटूची परीक्षा आहे म्हून बापूजीले सांग. परीक्षा दिवाळीच्या आधीच सरते हे त्याइले माहीत नाई. प्रफुलले भाऊबीजेचं ओवाळून घ्यायचं असन तर त्यानं इथी यावं. तुह्या पोरीले कोपरा भेटला, सुखानं खा.

बापूजीचा खोकला कसा आहे? थंडी पडली का पाण्यात उतरू देऊ नोको. आयकत नाई ते, पण कोणी रागावलं का आयकते. मी रागावत होतो. आता तू आहे.

गोकुळा

---

कोसमटोला
१६ नोव्हेंबर १९९९

गोकुळाबाई,

शनिवारी तुमी गावात आल्या होत्या.

नाई म्हणू नोका. सोनीबाईनं पाह्यलं. ते पाळीवर शेळ्या चारत होती. म्हणे, "तुही नणंद मोटारीतून उतरली, घराकडं गेलीच नाई, सीधी तलावात. हिरवं पातळ खोचलं अन् करंजीखालचे वेल ओढ ओढ ओढले, एक ठेवला नाई. मंग तशीच ओल्या पातळानं रस्त्यावर गेली अन् दुपारच्या मोटारीत बसली."

आमी सगळे कापणीले बांधीत होतो. सांजेले डिंपल तलावावर गेली अन् बोंबलत घरी आली. "माय, आपले वेल मेले!" मी जाऊन पाह्यलं तर सगळे काठावर. फुलं होते बाई अजून त्याले. ते पोट्टी जेवली नाई. तुमचा भाऊ भाऊबीजेले कोरडं कपाळ घेऊन फिरला, कापणी सोडून माजरीले जाऊ शकला नाई, म्हून आधीच घुम्यावानी झाला होता. त्याले सांगतलं असतं तर तो त्याच पायी तिकडं आला असता. मी सोनीबाईचे पाय धरले, म्हटलं कोणाले सांगू नोको. घरी सांगतलं, म्हशी शिरल्या. बापूजी काठावर गेले, वाकून वेल पाह्यले अन् म्हणे, "हो, म्हशीच असन."

मले तुमाले शिव्या द्यायच्या होत्या. दोन कागद लिहून फाडले. काऊन का मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली, ते सांगतल्याबिगर मले शिव्या देता येत नाई.

काठी उपटली हे खरं. पण ते चुलीत गेली नाई. बापूजीनं ते पलीकडं, पाणी सोडाच्या गेटापाशी, खोल पाण्यात रोवली. चिंधी विरली होती म्हून नवीन बांधली, तीही मायच्याच लुगड्याची. तुमी पाळीच्या त्या अंगाले गेल्या असत्या तर दिसली असती.

करंजीखाली आता गाळ भरला. धानाले पाणी सोडलं का कार्तिकात तिथी चिखल उरते. पाठीमागच्या दिवाळीले तुमाले दोन टोपले भी निंगाले नाई, आठवते? तुमी हासत होत्या पण तोंड उतरलं होतं. बापूजीनं ते पाह्यलं. श्रावणात गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून सत्तरीतल्या माणसानं गेटापाशी तुमचे वेल लावले. पायाच्या अंगठ्यानं एक एक मुळी गाळात दाबली. मी म्हटलं, प्रफुल लावन. म्हणे, "नाई, गोकुळाचे मी लावतो." चार दिवस ताप होता त्याइले.

म्हंजे मी मागतला कोपरा, मले भेटला उतरणीचा, गाळ भरलेला. तुमी काहीच मागतलं नाई, तुमाले साऱ्या तलावातलं चांगलं पाणी भेटलं. सांगा, मले काय वाटलं असन? मी पत्रात तुमाले अर्धं लिहलं. मुद्दाम लिहलं. म्हटलं, एकदा तुमालेही समजू द्या कसं जळते ते. तुमी चिडून पत्र लिहलं तवा मले बरं वाटलं. ते पत्र मी चुलीपाशी बसून वाचलं अन् हासली. खोटं काऊन बोलू.

पण तुमी दिवाळीले येतच नाई म्हणान असं वाटलं नव्हतं. त्याच दिवशी खरं लिहाले पायजे होतं. आज लिहतो मंग लिहतो करत राह्यली.

बापूजी कोणालेच त्या काठीपाशी हात लावू देत नाई. पिकलेला शिंगाडा वेलाले थांबत नाई, आपसूक सुटते अन् गाळात बसते, हे तुमाले मी काय सांगू. रोज सकायी ते गेटावर जाऊन बसते, पाण्यात पाह्यते. प्रफुल म्हणे, "बापूजी, तोडून टाकू, वाया चालले." तर म्हणे, "ज्याचं आहे ते येईन." अर्ध्याच्या वर गळले. दाणा असा होता बाई, मुठीत दोन मावे ना. एक खाली पडलेला मी चोरून उचलला होता, म्हून माहीत.

आता तुमी सांगा कोणं कोणाचं काय उपटलं.

रीता

---

माजरी कॉलरी
२३ नोव्हेंबर १९९९

रीता,

हो, मीच.

तुले खोटं वाटन, पण मी भांडाले आली नव्हती. दिवाळीत माह्यानं राहवलं नाई. भाऊबीजेले दार लावून बसली होती, शेजारच्या बायांचे भाऊ येऊन राह्यले अन् मी आरतीचं ताट घासून परत मांडणीवर ठेवलं. शुक्रवारी यायले म्हटलं, मी जाऊन येतो. पिंटूले शेजारणीपाशी ठेवलं. प्रफुलसाठी टोपी घेतली, डिंपलसाठी फ्रॉक घेतला. तो अजून पेटीत आहे.

मोटारीतून उतरून पाळीवरून येऊन राह्यली होती. पाळीवरून आपली बांधी दिसते. तुमी सगळे धुऱ्यावर जेवाले बसले होते. बापूजीनं आपल्या ताटातला पह्यला घास काढला अन् डिंपलच्या तोंडात देला. तसाच मले देत होते, बांधीत, त्याच धुऱ्यावर. आपण खायच्या आधी मले. डिंपलनं तोंड फिरवलं तर तिची हनवटी धरून देला.

मी तिथीच उभी राह्यली. हाक मारली असती तर तुमी सगळे उठले असते, मले माहीत आहे. तू पाणी आणलं असतं. पण माह्या तोंडून हाक निंगाली नाई. रीता, मी छत्तीस वर्साची बाई, अन् एका सहा वर्साच्या पोट्टीचा, माह्याच भाच्चीचा, मले असा हेवा आला का डोळ्यासमोर काही दिसे ना. तुहा राग असता तर मी येऊन भांडली असती. तिच्यावर कशी भांडू? म्हून तलावात उतरली. एक ओढला मंग थांबताच आलं नाई. हात रक्तानं भरले. शेवटचा वेल काढला तवा त्याले एक पांढरं फूल होतं. तवा समजलं मी काय केलं ते. म्हून पळाली.

तू अर्धं लिहलं म्हून मी तुले दोष देऊ का? माह्या अंगात जे होतं ते तुह्या पत्रानं घातलं नाई, ते आधीपासून होतं. तुले भाजी करताना माहं नाव आयकावं लागे, हे मले कवा सुचलंच नाई. मले तर वाटे, मी गेली अन् सगळे मले विसरले.

माह्यावर एक मेहरबानी कर. बापूजीले म्हशीच सांग. कवाच खरं सांगू नोको. ज्यानं गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून माहे वेल लावले, त्याइच्या नातीचे वेल मी उपटले, हे त्याइले समजलं तर मी त्या घरात कोणत्या तोंडानं येऊ? या वर्सी येत नाई. पुढंही येणं होईन का, माहीत नाई. गेटापाशीचे राह्यलेले शिंगाडे डिंपलले तोडू दे. मी सांगतलं म्हून सांग.

गोकुळा

---

कोसमटोला
३० नोव्हेंबर १९९९

गोकुळाबाई,

तुमचं पत्र काल आलं. पोस्टमननं बापूजीच्याच हातात देलं. त्याइनं माह्यापाशी आणलं अन् मी वाचेपर्यंत समोर पाटावर बसून राह्यले. कवा बसत नाई. माहं वाचून झालं तवा म्हणे, "गोकुळाचं ना?"

मी म्हटलं, हो.

म्हणे, "त्या दिवशी ते जेवली होती का कुठी?"

मी म्हटलं, कोणत्या दिवशी बापूजी? तर म्हणे, "रीता, म्हस वेल खाते, तुडवते. मुळ्या एका अंगाले अन् पानं एका अंगाले करून काठावर ओळीनं मांडून ठेवत नाई. हाताच्या सवयीनं असं मांडणारे या गावात दोनच माणसं आहेत. एक मी, अन् दुसरी जिले मी शिकवलं ते."

त्याइले पह्यल्याच दिवशी समजलं होतं बाई. मी म्हशी म्हटलं, त्याइनं म्हशी म्हटलं. मले वाटे मी त्याइच्यापासून लपवून राह्यली, ते माह्यापासून लपवून राह्यले होते. पंधरा दिवस झाले, वेलाबद्दल एक शब्द बोलले नाई. डिंपलले म्हणे पुढच्या आषाढात दुसरे लावू. त्याइच्या मनात एकच गोष्ट बसली, का आपली पोरगी भर दुपारी गावात आली अन् घरचं पाणी न पिता उपाशी गेली. मले दोनदा विचारलं, "माजरीले पोचता पोचता सांज झाली असन ना? मोटारीत काही खाल्लं असन का तिनं?" मी काय सांगू?

तुमी डिंपलचा हेवा केला. तिनं तर तुमचं पत्र आलं आयकून विचारलं, आत्या कवा येते. मी मात्र काल रांधता रांधता एकटीच रडली. चिमूरच्या वाटेवर मी आठ वर्सं उपाशी आली-गेली असती, तरी ते जेवली का म्हून विचारणारं मले कोणी नाई. याचा मले तुमचा हेवा वाटते. आजही वाटते, उद्याही वाटन, तुमी आल्या तरी वाटन. तुमी मनावर घेऊ नोका.

रविवारच्या पह्यल्या मोटारीनं या. मी बापूजीले सांगतलं का तुमी येता, अन् काल सांजेपासून त्याइनं आपला पह्यला घास ताटाच्या कडेले काढून ठेवणं सुरू केलं. डिंपल मागते तरी तिले देत नाई.

रीता